‘ही माझी गिटार’ : एका परिचयाची चिकित्सा

(व्याख्यानाचे शब्दांकन)



विषय कळवला तेव्हा आयोजकांचा पहिला प्रश्न होता, ‘म्हणजे तुम्ही वाजवून दाखवणार का?’ नाही. आम्ही बोलणार आहोत, आणि तेही गिटार वाजवण्याबद्दल कमी, गिटारीची ओळख करून देण्याबद्दल जास्त. समीक्षा म्हटलं की आपल्याला कविता आठवते, कादंबरी, नाटक, फार तर सिनेमा. पण माणसं स्वतःबद्दल जे लहान लहान प्रकार रोज रचतात, त्यांची चिकित्सा कुणी करायची? लग्नाच्या बायोडेटाची? शोकसभेतल्या भाषणांची? तसाच हा एक प्रकार. इलेक्ट्रिक गिटारचं वेड असलेला माणूस चार लोकांपुढे उभा राहतो, नाव सांगतो, नोकरी सांगतो, आणि खोक्यातून वाद्य काढून म्हणतो, ‘ही माझी गिटार.’ जगभर हे चालतं आणि त्याचे नियम ठरून गेलेले आहेत. आज हा प्रकार जरा जवळून वाचू.

गेल्या पावसाळ्यात पुण्यात एका स्नेह्यांच्या गच्चीवरच्या खोलीत अशी एक बैठक झाली. सोळा-सतरा माणसं. बहुतेक पहिल्यांदाच भेटत होती. प्रत्येकाने स्वतःची आणि गिटारीची ओळख करून द्यायची, असं ठरलं होतं. त्यातले तीन परिचय आम्ही तुमच्यापुढे ठेवतो.

पहिले गृहस्थ, चाळिशीचे, सॉफ्टवेअरमधले. त्यांनी सांगितलं ते असं : ‘अमेरिकन बनावटीची स्ट्रॅटोकास्टर. २००९. बॉडी आल्डरची, नेक मेपलची, फिंगरबोर्ड रोझवुडचा. पिकअप मूळचेच. नट बदललेला.’ मग किंमत सांगितली. लोकांनी मान डोलावली.

दुसरे काका, टेलिफोन खात्यातून निवृत्त. त्यांच्या हातात कलकत्त्याला बनलेली जुनी गिटार होती, रंग उडालेली. ते म्हणाले, ‘ही घेतली तेव्हा ॲम्प घ्यायला पैसे नव्हते. घरातल्या रेडिओला मागच्या बाजूने ग्रामोफोन जोडायची जागा होती, तिथे वायर लावून वाजवायचो. वडील बातम्यांना बसले की माझा रियाज बंद.’ (हशा)

तिसरी एक कॉलेजातली मुलगी. ती उठली आणि म्हणाली, ‘ही माझी नाहीये. मैत्रिणीची आहे, सोमवारी परत द्यायचीये.’ आणि तिने ॲम्पला वायर लावली, चारेक मिनिटं वाजवलं, आणि बसली.

आता, यात चांगला परिचय कोणता? पहिल्यांदा वाटतं, दुसरा, कारण त्यात गोष्ट आहे. किंवा तिसरा, कारण त्यात संगीत आहे. पहिला म्हणजे नुसती वाण्याची यादी. आम्हीही असंच म्हणून मोकळे झालो असतो. पण समीक्षकाने यादीसुद्धा नीट वाचावी. त्या यादीत लाकडं आहेत, सालं आहेत, आणि एकच क्रिया आहे : ‘नट बदललेला’. नट म्हणजे मानेच्या टोकाला तारा जिच्यावरून जातात ती छोटीशी खाचांची पट्टी. आम्ही चहाच्या वेळी त्यांना विचारलं, ‘नट का बदललात हो?’ आणि माणूस उघडला. तिसरी तार ताणून वाजवली की परत सुरात येईना. आधी वाटलं तारा वाईट, मग वाटलं खुंट्या सैल, मग वाटलं आपला कानच वाईट. चार महिने गेले. शेवटी कळलं की नटमधली खाच अरुंद आहे, तार तिच्यात अडकतेय. या चार महिन्यांत त्यांचा कान तयार झाला होता. त्यांचा खरा परिचय हाच होता, आणि तो त्यांनी दोन शब्दांत गुंडाळून किंमत मात्र खुलवून सांगितली.

आमचं आजचं म्हणणं एवढंच आहे. गिटारीच्या परिचयात माणसाने वाद्याबरोबर काय केलं आणि वाद्याने माणसाचं काय केलं, हे यायला पाहिजे. ते सोडून बाकी सगळं येतं, आणि ते का येतं, हे तपासायला हवं.

आधी हे बघू की मुळात गिटार पुढे करावीशी का वाटते. आपल्याकडे गवई किंवा वादक बैठकीत बसला की गुरूचं नाव घेतो आणि घेताना कानाच्या पाळीला हात लावतो. तो कुणाचा शिष्य, कोणत्या घराण्याचा, हे कळलं की ऐकणाऱ्याला अर्धी ओळख पटते. इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्या बहुसंख्यांना असा गुरू नाही. तबकड्या ऐकून, कॅसेट मागे-पुढे करून, आता व्हिडिओ बघून ते शिकले. मग ‘तुम्ही कुठले?’ या प्रश्नाला उत्तर काय द्यायचं? ती रिकामी जागा गिटार भरून काढते. लेस पॉलवाले, टेलिकास्टरवाले, ही त्यांची घराणी झाली. टेलिकास्टर १९५० च्या सुमाराची, लेस पॉल १९५२ ची, स्ट्रॅटोकास्टर १९५४ ची. म्हणजे परंपरा सांगायला सत्तर वर्षांचा इतिहासही आहे. आम्हाला यात हसण्यासारखं काही वाटत नाही. माणसाला वंशावळ लागते.

फरक एकच आहे. घराण्याचं नाव घेतल्यावर पाच मिनिटांत षड्ज लागतो आणि त्या नावाची परीक्षा सुरू होते. किराण्याचं नाव सांगून सूर हलला, तर पहिल्या रांगेतले लोक एकमेकांकडे बघतात. गिटारीचं नाव सांगितल्यावर परीक्षा होईलच असं नाही. त्या दिवशी सोळा-सतरांपैकी वाजवून दाखवलं पाच जणांनी.

आता या प्रकारातला सगळ्यात गाजलेला परिचय घेऊ. अमेरिकेतला ब्लूजचा गायक-वादक बी. बी. किंग आणि त्याची लुसील. १९४९ च्या हिवाळ्यात आर्कन्सामधल्या ट्विस्ट नावाच्या गावी तो एका नाचघरात वाजवत होता. ऊब यावी म्हणून मधोमध पिंपात रॉकेल पेटवून ठेवलेलं. दोन माणसांची मारामारी जुंपली, पिंप कलंडलं, आग लागली. सगळे बाहेर पळाले, किंगही पळाला, आणि गिटार आत राहिली म्हणून पुन्हा आगीत शिरला. गिटार मिळाली. ते दोघे मेले. दुसऱ्या दिवशी कळलं की भांडण तिथे काम करणाऱ्या एका बाईवरून झालं होतं आणि तिचं नाव लुसील. किंगने गिटारीला तेच नाव दिलं.

ही गोष्ट आपल्याकडे सांगतात ती प्रेमकथा म्हणून. गिटार म्हणजे प्रेयसी, आगीतून सोडवलेली. आमच्या बैठकीतही एकाने ‘ही माझी पहिली बायको’ असं म्हणून घेतलंच. पण किंग स्वतः काय सांगत आला? असा मूर्खपणा पुन्हा करायचा नाही, याची आठवण राहावी म्हणून हे नाव ठेवलं. म्हणजे नावात कौतुक कमी आणि स्वतःचा कान पिळणं जास्त. तीस डॉलरच्या लाकडासाठी आपण जिवावर उदार झालो, हे त्याला आयुष्यभर विसरायचं नव्हतं.

दुसरं म्हणजे लुसील ही एक गिटार नव्हतीच. आगीतून काढलेली वेगळी, नंतरच्या कितीतरी वेगळ्या. नाव पुढच्या गिटारीला लागत गेलं. गिब्सन कंपनीने १९८० मध्ये त्या नावाचं मॉडेल काढलं, त्यात बॉडीवरची व्हायोलिनसारखी भोकं काढून टाकलेली, कारण मोठ्या आवाजात त्या भोकांमुळे गिटार शिट्टी मारायला लागते. आणि १९६८ चा ‘लुसील’ नावाचाच अल्बम आहे, त्यातलं दहा मिनिटांचं शीर्षकगीत म्हणजे आपला आजचा साहित्यप्रकारच आहे : एक माणूस आपल्या गिटारीची ओळख करून देतोय. तो बोलतो, थांबतो, गिटार बोलते. किंगला गाता गाता वाजवता येत नसे, असं तो स्वतःच सांगायचा. म्हणून आवाज थांबला की गिटार पुढे सरकायची. त्या परिचयात गिटारीला स्वतःच्या तोंडाने बोलायला जागा आहे. ही त्यातली गोम आहे.

दुसरं उदाहरण इंग्लंडमधलं, क्वीन या बँडच्या ब्रायन मे यांचं. स्ट्रॅटोकास्टर परवडत नव्हती, म्हणून १९६३ च्या ऑगस्टमध्ये सोळा वर्षांच्या मुलाने वडिलांबरोबर घरीच गिटार बनवायला घेतली. जवळजवळ दोन वर्षं लागली. मान बनवली ती जुन्या शेकोटीवरच्या महोगनीच्या फळीतून. तिच्यात वाळवीसारख्या किड्याने पाडलेली भोकं होती, ती काडेपेटीच्या काड्या घालून बुजवली. फ्रेटवरचे ठिपके आईच्या शिवणाच्या डब्यातल्या शिंपल्याच्या गुंड्यांचे. तारा थरथरवायच्या दांडीचं टोक विणकामाच्या सुईचं. त्या यंत्रणेतल्या स्प्रिंगा एका जुन्या मोटरसायकलच्या इंजिनातल्या. २००२ मध्ये राणीच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवात बकिंगहॅम राजवाड्याच्या गच्चीवर उभं राहून मे यांनी राष्ट्रगीत वाजवलं ते याच गिटारीवर.

आता बघा, हीही यादीच आहे. आमच्या सॉफ्टवेअरवाल्या स्नेह्यांसारखीच : मान अमुक लाकडाची, ठिपके तमुक. पण या यादीतल्या प्रत्येक वस्तूला आधी दुसरं काम होतं आणि ती कुणीतरी तिथून इथे आणली. आई आहे, वडील आहेत, नसलेले पैसे आहेत. तेव्हा यादी हा दोष नाही. कॅटलॉगमधून जशीच्या तशी उतरवलेली यादी हा दोष आहे, कारण ती दुकानात त्याच मॉडेलच्या प्रत्येक गिटारीला लागू पडते.

यानंतर बाजाराकडे वळू, कारण परिचयाची भाषा बिघडवण्यात त्याचा वाटा मोठा आहे. एरिक क्लॅप्टनने १९७० च्या सुमाराला नॅशव्हिलमधल्या एका दुकानातून जुन्या स्ट्रॅटोकास्टर स्वस्तात उचलल्या. काही मित्रांना वाटल्या. उरलेल्या तीन सोडवून त्यांच्या उत्तम भागांची एक बनवली, तिचं नाव ब्लॅकी. हा शुद्ध कारागिरीचा विचार : नावाला महत्त्व नाही, जो भाग चांगला तो घ्या. २००४ मध्ये तिचा लिलाव झाला, ९ लाख ५९ हजार ५०० डॉलरना. पैसे व्यसनमुक्ती केंद्राला गेले, हे चांगलंच झालं. दोन वर्षांनी फेंडर कंपनीने तिच्या हुबेहूब २७५ प्रती काढल्या. पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिलमोर यांची काळी स्ट्रॅटोकास्टर २०१९ मध्ये ३९ लाख ७५ हजार डॉलरना गेली. तेही पैसे पर्यावरणाच्या कामाला. गंमत अशी की गिलमोर यांनी त्या गिटारीची मान बदलली, पिकअप बदलले, पुन्हा पुन्हा बदलले. त्यांना ती पवित्र वस्तू वाटतच नव्हती. ते तिच्यावर प्रयोग करत होते. पवित्र ती नंतर झाली, लिलावात.

आणि आयर्लंडचा रोरी गॅलाघर. १९६३ मध्ये कॉर्कमधल्या दुकानातून शंभर पौंडांना घेतलेली १९६१ ची स्ट्रॅटोकास्टर. एकदा चोरीला गेली आणि काही दिवसांनी एका चरात टाकलेली सापडली. रोज रात्री घामाघूम होऊन वाजवायचा, त्यात रंग उडाला. शेवटी शेवटी रंगापेक्षा लाकूडच जास्त दिसायचं. २०२४ मध्ये तिचा लिलाव झाला आणि घेणाऱ्यांनी ती आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाला दिली. या गिटारीचीही प्रतिकृती फेंडरच्या खास विभागाने काढलेली आहे, उडालेल्या रंगासकट. १९९५ पासून तर ‘रेलिक’ नावाने हा रीतसर प्रकार झाला. नवी गिटार घ्यायची आणि ती कारखान्यातच जुनी करून घ्यायची. रंग खरवडून, कडा झिजवून, धातूवर डाग पाडून. आणि झीज जास्त तसा दाम जास्त.

आम्ही यावर नाक मुरडणार नाही, कारण झिजलेली मान हाताला मऊ लागते हे खरं आहे. नवीन चपलेपेक्षा जुनी बरी, तसंच. पण परिचयाच्या दृष्टीने विचार करा. गॅलाघरचा उडालेला रंग हे त्याने तिच्यावर घालवलेल्या रात्रींचं वाक्य आहे. ते वाक्य आपण विकत घेतो आणि आपल्या परिचयात घालतो. शेतकऱ्याच्या हाताचे घट्टे विकत घेऊन आपल्या तळहाताला चिकटवण्यासारखं हे आहे.

एक तांत्रिक गोष्ट सांगायला हवी. इलेक्ट्रिक गिटार म्हणजे नेमकं काय? तारांखाली लोहचुंबक असतो, त्याभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. स्ट्रॅटोकास्टरच्या पिकअपमध्ये ते साधारण आठ हजारांच्या घरात जातात. पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं, वेढ्यांमध्ये अगदी नगण्य वीज निर्माण होते, आणि ती वायरमधून ॲम्पपर्यंत जाते. आवाज तिथे होतो. म्हणजे हातात धरलेली गिटार हे अर्धं वाद्य आहे. तरी परिचयाला लोक अर्धंच वाद्य आणतात. ॲम्प कुणी मांडीवर घेऊन फोटो काढत नाही. आमच्या टेलिफोनवाल्या काकांच्या परिचयात दुसरं अर्धं होतं. रेडिओ होता, बातम्या ऐकणारे वडील होते, आणि ‘रियाज बंद’ होता. त्यांनी वाद्य पूर्ण सांगितलं.

आपल्या घरचं एक उदाहरण देतो. १९७१ च्या ‘हरे रामा हरे कृष्णा’मधल्या ‘दम मारो दम’ची सुरुवातीची गिटार या सभागृहातल्या प्रत्येकाला माहीत आहे. दोन सूर वाजले की ओळखाल. ती भूपिंदर सिंग यांनी वाजवली, हेही पुष्कळांना माहीत असेल. आता सांगा, गिटार कोणत्या कंपनीची होती? कोणत्या लाकडाची? (थोडी शांतता) बघा. पन्नासहून जास्त वर्षं आपण ती गिटार ओळखतो आणि हा प्रश्न आपल्याला पडलेला नाही. मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत गोव्याच्या आणि इतर कितीतरी वादकांनी दिवसाला दोन दोन शिफ्ट वाजवलं. परदेशी वाद्य आणणं तेव्हा सोपं नव्हतं. मिळेल त्यावर वाजवायचं. त्यांचा परिचय त्यांच्या वाजवण्यातच राहून गेला. खरं म्हणजे तिथे उलटा अन्याय झाला, तबकडीवर त्यांची नावंसुद्धा क्वचित छापली गेली. आज आपल्याकडे नाव आहे, फोटो आहे, गिटारीचा अनुक्रमांकसुद्धा आहे. आवाज तेवढा कमी पडतोय.

आता तुम्ही म्हणाल, दुसऱ्यांचे परिचय तपासलेत, तुमचं काय? बरोबर आहे. त्या दिवशी आमचीही पाळी आली. आमच्याकडे एक गिटार आहे, हप्त्यांवर घेतलेली, आणि हो, रेलिकच. आम्ही उभे राहिलो आणि सहा-सात मिनिटं बोललो. अगदी चांगलं बोललो, असं तेव्हा वाटलं. १९५० चं दशक, कॅलिफोर्निया, पिकअपचा इतिहास, सगळं आलं. बोलणं संपल्यावर त्या काकांनी अगदी साधेपणाने म्हटलं, ‘वाजवा की.’

वायर लावली. तारा गंजलेल्या होत्या. शेवटच्या कधी बदलल्या, आठवेना. सूर जुळवताना पहिली तार तुटली. पाच तारांवर काहीतरी सुरू केलं आणि दोन मिनिटांत बोटांची टोकं दुखायला लागली. गिटार वाजवणाऱ्याच्या डाव्या हाताच्या बोटांना घट्टे असतात, रोज वाजवलं तर टिकतात, काही आठवडे सोडलं की जातात. आमचे गेले होते. गिटारीच्या अंगावर वीस वर्षांची झीज आणि वाजवणाऱ्याची बोटं नव्या विद्यार्थ्यासारखी मऊ. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

काकांनी खिशातून एक सुटी तार काढली, आमच्या हातात दिली आणि म्हणाले, ‘घाला, मी धरतो.’ त्यांनी खुंटी धरली, आम्ही तार ओवली. त्या पाच मिनिटांत आम्ही काहीच बोललो नाही, आणि आता मागे वळून बघताना वाटतं, आमच्या गिटारीचा त्या दिवशीचा खरा परिचय तेवढाच झाला.

दसऱ्याला आपण वाद्यांची पूजा करतो. गिटारवाली मंडळीही करतात, बॉडीवर कुंकवाचं बोट लागतं, बाजूला झेंडूचं फूल. आम्हाला ते आवडतं. पण पूजेचा दिवस वर्षात एक असतो, कारण बाकीचे दिवस वाद्य कामावर असतं असं त्यात गृहीत आहे. रोजच पूजा व्हायला लागली, तर समजावं की वाद्य देव्हाऱ्यात गेलं. त्या मुलीची गिटार उसनी होती. तिच्याजवळ ना मालकी होती, ना साल, ना लाकूड. सोमवारपर्यंतचा वेळ होता, आणि तो तिने वाया घालवला नाही.

म्हणून या प्रकाराबद्दल आमची सूचना छोटी आहे. साल सांगा, लाकूड सांगा, किंमतही सांगायची तर सांगा. पण त्याबरोबर एक तरी गोष्ट अशी सांगा जी त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गिटारीबद्दल सांगता येणार नाही. नट का बदलला ते सांगा. रेडिओ कुणाचा होता ते सांगा. आणि क्रम उलटा करा. आधी वायर लावा, चार सूर वाजू द्या, मग नाव सांगा.

मागच्या बाजूला दोन-तीन खोकी दिसताहेत आम्हाला. ॲम्प आयोजकांनी ठेवलेला आहे. प्रश्नोत्तरांच्या आधी ज्यांना पुढे यायचंय त्यांनी यावं. आणि कुणाची तार तुटलीच, तर आता आमच्या खिशात एक असते.